फिजिक्स ठेवू की सोडू

टू हार्बर्स, मिनेसोटा
२ एप्रिल १९८५

बाबा,

तू बोटीवर गेल्यापासून घर एकदम मोठं वाटायला लागलंय. आई म्हणते, तुझ्या घोरण्याशिवाय झोप लागायला तिला दर वसंतात आठवडा तरी जातोच. तुझी खुर्ची तिनं खिडकीशी ओढून घेतलीय आणि सरोवरातला बर्फ फुटताना बघत विणत बसते.

आता कामाचं. अकरावीला कोणते विषय घेणार ते १९ तारखेच्या शुक्रवारपर्यंत शाळेत सांगायचंय. दिवसाचे तास सहा. इंग्रजी, इतिहास आणि व्यायाम सक्तीचे, म्हणजे तीन तास माझे. आज विकस्ट्रॉम सरांनी बोलावलं होतं. मुलांना विषय आणि कॉलेज सुचवण्याचं काम त्यांच्याकडे आहे. मी खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी माझ्या नावापुढे लिहून टाकलं होतं: टायपिंग, जमाखर्च, गृहशास्त्र.

मी म्हटलं, "सर, मी अजून तोंडही उघडलेलं नाही."

"सेन्या, तू चांगली मुलगी आहेस म्हणून तर सांगतोय. टायपिंग आलं की धक्क्याच्या ऑफिसात नोकरी ठेवलेली."

"मला कॉलेजला जायचंय."

"कुठल्या?"

मी दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिले. ते हसले. "अजून ठरलेलं नाही ना? मग सोपे विषय घे. मार्क चांगले पडतील. कॉलेजवाले मार्क बघतात."

मी म्हटलं, मला त्रिकोणमिती आणि केमिस्ट्री हवी आणि बारावीला फिजिक्स. तर त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "भूमितीत तुला 'सी' होता."

होताच. तुला माहीत आहे. शिवाय केमिस्ट्रीचा तास आणि बँडचा तास एकाच वेळी आहे. केमिस्ट्री घेतली तर क्लॅरिनेट सुटलं. आईला विचारलं तर म्हणते, बाबाला विचार. म्हणून विचारतेय. लवकर लिही.

सेन्या

•

गॅरी बंदर, इंडियाना
११ एप्रिल १९८५

सेन्या,

पत्र मिळालं. विकस्ट्रॉमचा धाकटा भाऊ माझ्या वर्गात होता. त्या घरात प्रत्येकाचं सगळं आधीच ठरलेलं असायचं. जेवायला काय आहे तेसुद्धा आठवडाभर आधी.

मला शाळेत कोणी काही विचारलं नाही. दहावी संपली आणि पुढच्या सोमवारी मी बोटीवर होतो. तक्रार नाही करत. फक्त सांगतोय, की तुला विचारताहेत तर उत्तर दे.

'सी' म्हणजे नापास नव्हे. तुला जे कठीण वाटतं तेच घ्यावंसं वाटतंय, म्हणजे डोक्यात काहीतरी आहे. काय आहे ते सांगायची घाई नको. पुढे वाट अडणार नाही असे विषय घे. सोपे विषय घेऊन पुढे कठीण काही मागितलंस तर देणार नाहीत, उलटं मात्र चालतं. हे माझं नाही, आमचा पहिला मेट, कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी, म्हणाला. त्याला तीन पोरं आहेत.

क्लॅरिनेट घरी वाजव. आईला ऐकू दे.

माझं सांगणं एकच, आणि ते तुला पाठ आहे. बोटी सोडून जे हवं ते कर. कांगसांच्या घरातला बोटीवरचा शेवटचा माणूस मी.

बाबा

•

टू हार्बर्स
६ ऑक्टोबर १९८५

बाबा,

केमिस्ट्रीच्या वर्गात मी माझी बाही जाळली. हात ठीक आहे. स्वेटर आईनं विणलेलं होतं, त्यामुळे घरी मात्र मी ठीक नव्हते.

बँडचा सराव खालच्या मजल्यावर चालतो आणि आम्हाला वर सगळं ऐकू येतं. माझ्या जागी आता मार्लीस बसते. एक सूर तिला अजून सापडलेला नाही. तो आला की मी इकडे परीक्षानळी हातात घेऊन डोळे मिटते. पहिल्या आठवड्यात रडू यायचं, आता हसू येतं.

त्रिकोणमितीत मात्र गंमत झाली. भूमितीत सिद्ध करा, सिद्ध करा म्हणायचे तेव्हा मला काही सुधरायचं नाही. इथे विचारतात, तो दिवा किती लांब आहे? तो मनोरा किती उंच आहे? हे मला कळतं. परवाच्या परीक्षेत 'बी' मिळाला. विकस्ट्रॉम सर जिन्यात भेटले, म्हणाले, "बरं चाललंय असं ऐकतो." असं बोलले, जसं काही कोणाच्या आजारपणाची चौकशी करताहेत.

बोट आपल्या धक्क्याला कधी लागणार? की यंदा कच्च्या लोखंडाच्या फेऱ्या नुसत्या एस्कनाबा ते गॅरी, गॅरी ते एस्कनाबा?

सेन्या

•

एस्कनाबा, मिशिगन
१७ ऑक्टोबर १९८५

सेन्या,

'बी'बद्दल शाब्बास. आचारी डेल्मरनं तुझ्या नावानं अ‍ॅपल पाय भाजला आणि स्वतःच अर्धा खाल्ला.

आपल्या धक्क्याला यंदा लागू असं वाटत नाही. कंपनीनं आणखी तीन बोटी भंगारात काढल्या. उरलेल्यांना पळवताहेत. जानेवारीत येतो.

बाबा

•

टू हार्बर्स
२० एप्रिल १९८६

बाबा,

हिवाळ्यात तू घरी होतास तेव्हाच हे बोलायला हवं होतं, पण तू आणि मी बोलतो कधी? सौनात, त्या वाफेच्या खोलीत, बसलो तरी तू फक्त 'आणखी पाणी टाक' एवढंच म्हणतोस.

बारावीचे विषय दिले. वरचं गणित, फिजिक्स, आणि (बसला आहेस ना?) मशीन शॉप. लेथ, ड्रिल, वेल्डिंग. विकस्ट्रॉम सर म्हणाले, या वर्गात आजवर मुलगी नव्हती. मी म्हटलं, मग जागा असेलच. ते पहिल्यांदाच मनापासून हसले आणि लिहून घेतलं. फिजिक्सबद्दल मात्र त्यांनी दोनदा विचारलं. ब्राखमन बाई शिकवतात आणि त्यांच्या वर्गातून दरवर्षी चारपाच जण गळतात म्हणे.

आईनं विचारलं, हे सगळं कशासाठी? मी म्हटलं, सांगेन. ती 'बरं' म्हणाली आणि टाके मोजायला लागली.

सेन्या

•

गॅरी बंदर
४ मे १९८६

सेन्या,

मला कळलं!

दोन आठवडे मी व्हीलवर, सुकाणू धरून, उभा राहून विचार करत होतो. केमिस्ट्री घेतली, तेव्हा वाटलं औषधाचं दुकान. मग फिजिक्स आलं. ठीक, डॉक्टर. पण मशीन शॉप? डॉक्टरला ड्रिल कशाला? आणि काल जेवताना डेल्मर गाल धरून बसला होता, तेव्हा लख्ख उजेड पडला. दात!

फार हुशारीचं ठरवलंस. दात सगळ्यांना असतात आणि सगळ्यांचे किडतात. पोलादाचे कारखाने बंद पडले म्हणून दात दुखायचे थांबत नाहीत. गरम दवाखाना, पांढरा कोट, संध्याकाळी घर. आईला अजून सांगितलेलं नाही, तूच सांग. बोटीवर मात्र मला राहवलं नाही. कॅप्टन ग्रँडमेसननी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. डेल्मर म्हणाला, "मग मी आता डॉक्टरकडे जात नाही, तुझ्या पोरीसाठी थांबतो." मी म्हटलं, "आठ वर्षं लागतील." तो म्हणाला, "तोवर डाव्या बाजूनं खाईन."

फिजिक्सला घाबरू नकोस.

बाबा

•

टू हार्बर्स
२८ सप्टेंबर १९८६

बाबा,

डेल्मरला सांग, डॉक्टरकडे जा.

तुझं मे महिन्यातलं पत्र मी इतकं हसत वाचलं, की आई स्वयंपाकघरातून धावत आली. मग हसू थांबलं. त्यानंतरची माझी सगळी पत्रं तू काढून बघ. मी 'नाही' कुठेच म्हटलेलं नाही. 'हो'ही म्हटलेलं नाही, पण त्यानं ते खरं ठरत नाही. तुला मी पाच महिने खोट्यावर ठेवलं. परवा तू लिहिलंस की दवाखान्यासाठी मेन स्ट्रीटवर जागा बघून ठेवू या, तेव्हा मला जेवण गेलं नाही.

मला दातांची डॉक्टर व्हायचं नाही. मला ट्रॅव्हर्स सिटीच्या कॉलेजात जायचंय, जिथे बोटींवरचे मेट तयार होतात. त्यांना त्रिकोणमिती लागते, केमिस्ट्री लागते, फिजिक्स लागतंच लागतं. मशीन शॉप लागत नाही, ते मला आवडलं म्हणून घेतलं.

मी बारा वर्षांची असताना कंपनीनं मुलांना बोटीवरून एक फेरी करू दिली होती, आठवतं? तू व्हील धरलं होतंस आणि मी मागे उभी होते. मेट सांगायचा, तू वळवायचास आणि एवढी लांबलचक बोट हळूच नाक फिरवायची. सगळे म्हणत होते, पोरगी कंटाळली असेल. मी कंटाळले नव्हते, बाबा. मी बघत होते की मेटला ते कळतं कसं. त्या दिवसापासून दुसरं काही डोक्यात आलेलंच नाही.

आईला मी ऑगस्टमध्ये सांगितलं. ती म्हणाली, "मला तू सातवीत होतीस तेव्हापासून माहीत आहे. बाबाला तूच सांगायचंस. मी तुमच्या दोघांच्या मध्ये उभी राहणार नाही."

तू काय म्हणतोस ते मला माहीत आहे. तरी लिही.

सेन्या

•

एस्कनाबा
९ ऑक्टोबर १९८६

सेन्या,

पत्र मिळालं. थंडी लवकर पडली आहे. माझे जाड मोजे कपाटात वरच्या फळीवर आहेत, ते पाठव.

बाबा

•

टू हार्बर्स
२ नोव्हेंबर १९८६

बाबा,

मोजे पाठवलेत. सोबत आईनं विणलेले आणखी दोन जोड आहेत. त्या दोन जोडांना लागला तेवढा वेळ आम्ही तुझ्या पत्राची वाट बघितली. आलं नाही.

मी दुसरंच विचारायला लिहितेय. फिजिक्समध्ये मी नापास होतेय. पहिल्या परीक्षेत शंभरात बावन्न, दुसऱ्यात अठ्ठेचाळीस. सूत्रं पाठ आहेत, पण ब्राखमन बाई गणित असं घालतात की कुठलं सूत्र कुठे लावायचं तेच कळत नाही. वर्गातले तिघे गेले. विकस्ट्रॉम सरांनी बोलावून सांगितलं, महिनाअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधी सोडलंस तर निकालपत्रावर काहीच दिसणार नाही, त्या तासाला टायपिंग घे. नाही सोडलंस आणि 'डी' आला, तर तो सगळ्या कॉलेजांना दिसेल. ट्रॅव्हर्स सिटीला आणि दुसरीकडेही. या वेळी ते चिडवत नव्हते, बाबा. खरंच काळजीनं बोलत होते. म्हणाले, "इतर सगळ्यांत तुला 'बी' आहे. एका विषयापायी सगळं का बुडवतेस?"

सोडलं तर ट्रॅव्हर्स सिटी संपलं, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही.

आईला विचारलं नाही. तुला विचारते. ठेवू की सोडू? तू सांगशील ते करीन. हे मी रागानं म्हणत नाहीये. मी दमलेय.

सेन्या

•

साउथ मॅनिटू बेटाच्या आडोशाला
१४ नोव्हेंबर १९८६

सेन्या,

कालपासून इथे नांगर टाकून पडलो आहोत. बाहेर सरोवर उसळलंय. आमच्यासारख्या आणखी चार बोटी आहेत. सगळ्या वाऱ्याकडे तोंड करून उभ्या, गोठ्यातल्या गाईंसारख्या. काम नाही म्हणून लिहितोय. नाहीतर पुन्हा मोज्यांबद्दलच लिहिलं असतं. मोजे मिळाले. आईचे जास्त गरम आहेत.

तुझं पत्र एस्कनाबाला मिळालं. त्याच दिवशी मी उत्तर लिहिलं: 'विकस्ट्रॉम बरोबर सांगतो, सोड.' पाकीट बंद केलं. किती सोपं होतं बघ. मला तुला अडवायलाही लागलं नसतं. फिजिक्सनंच अडवलं असतं आणि मी नुसतं हो म्हटलं असतं.

पाकीट खिशात ठेवून मी व्हीलवर गेलो. कॅप्टन ग्रँडमेसन शेजारी उभे होते. म्हणाले, "कांगस, पोरीचे दात कुठवर आले?"

मी म्हटलं, "ती दात बघणार नाही. तिची नजर तुमच्या खुर्चीवर आहे."

त्यांनी दुर्बीण उचलली, परत ठेवली. मग म्हणाले, "फिजिक्स आहे का तिला?"

"आहे. नापास होतेय."

"मी दोनदा झालो होतो."

"मग?"

"मग तिसऱ्यांदा झालो नाही." माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला काय हवंय?"

मी म्हटलं, "मला ती घरी हवी आहे."

"आणि इतकी वर्षं ती घरीच होती, तेव्हा तू कुठे होतास?"

ते रागानं बोलले नाहीत. त्यांनाही मुली आहेत. तेवढ्यात वारा वाढला आणि त्यांना इकडे वळायचं ठरवावं लागलं.

तुला सगळं सांगतो, लपवत नाही. बोटी कमी होताहेत. तू शिकून येशील तोवर तुझ्यासाठी एखादी उरेल की नाही, मला माहीत नाही. बोटीवरची माणसं चांगली आहेत, पण सगळी नाहीत, आणि बाईमाणूस वर आलेलं काहींना खपणार नाही. पंच्याहत्तरचा नोव्हेंबर, ती मोठी बोट सगळ्या माणसांसकट बुडाली तो, तुला आठवत नसेल, तू सहा वर्षांची होतीस. आई दोन दिवस रेडिओपाशी उभी होती. मी तेव्हा दुसऱ्या सरोवरात होतो, सुखरूप होतो, पण तिला ते कळवणार कोण? आता तिनं दोन माणसांसाठी उभं राहायचं? तुझा एकही वाढदिवस मी बघितलेला नाही. तुला जुलैत जन्म देऊन आईनं माझी फारच पंचाईत केली. तुझ्या मुलांचंही तसंच होईल. हे सगळं मला आवडत नाही आणि उद्याही आवडणार नाही.

पण मी तुझं पत्र परत वाचलं. 'बोटीवर जाऊ का' असं तू विचारलेलंच नाहीस. ते तू ठरवून टाकलंयस, मला फक्त कळवलंस. तू विचारलंयस फिजिक्सबद्दल, आणि त्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे.

ठेव.

कठीण आहे म्हणून सोडायचं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. मला सोयीचं आहे म्हणून आज सांगितलं, तर वर्षातले दोन महिने त्याच घरात तुझ्यासमोर बसून मी कॉफी कशी पिणार? नापास झालीस तर झालीस. मग दुसरं काही बघू. पण ते तुझं होऊ दे, माझं नको.

आता काम सांगतो. उद्या शाळेत गेलीस की ब्राखमन बाईंच्या टेबलापाशी जा आणि 'मला समजत नाही' म्हण. एवढंच. हे तीन शब्द तुला जड जातात. कोणावर गेलीस ते मला माहीत आहे.

बेटाच्या पलीकडे थोडी जमीन दिसते. कॅप्टन म्हणाले, ट्रॅव्हर्स सिटी त्याच अंगाला आहे, टेकड्यांच्या मागे. मी दोनतीनदा जाऊन बघून आलो. बर्फ पडतोय, काही दिसत नाही.

ते पाकीट मी पाण्यात टाकलं.

बाबा

•

टू हार्बर्स
८ एप्रिल १९८७

बाबा,

त्यांनी मला घेतलं!

ट्रॅव्हर्स सिटीचं पत्र आज दुपारी आलं. आईनं ते उघडलं नाही, पण दिव्यासमोर धरून बघितलं होतं हे नक्की, कारण मी शाळेतून आले तेव्हा ती आधीच पानुकाकूचं, ओव्हनमधल्या त्या गोड धिरड्याचं, पीठ फेटत होती. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छान," आणि फेटतच राहिली. पीठ इतकं हलकं झालं होतं की ओव्हनमध्ये ते टोपीसारखं फुगलं. आम्ही दोघींनी मिळून सगळं संपवलं. मग ती म्हणाली, "मला एक चांगला रेडिओ घ्यायला लागेल." आणि हसली. खरंच हसली, बाबा. मी नीट बघितलं.

तू मार्चमध्ये दारातून निघताना म्हणालास, 'काय होईल ते कळव.' मग गाडीपर्यंत जाऊन परत आलास आणि म्हणालास, 'काहीही झालं तरी.' म्हणून आजच्या आज लिहितेय.

फिजिक्स 'बी'ला टेकलंय. 'समजत नाही' म्हटल्यावर ब्राखमन बाई इतक्या खूश झाल्या की मला वाटलं, कोणी त्यांना असं सांगतच नसावं. डिसेंबरभर शाळा सुटल्यावर त्यांनी मला पाट्यांवर चित्रं काढायला लावली. आधी चित्र, मग बाण, सूत्र सगळ्यात शेवटी. एवढंच होतं! तीन महिने मी उलट्या टोकाकडून चढत होते.

आणि ऐक. विकस्ट्रॉम सरांनी काल दहावीतल्या एका मुलीला माझ्याकडे पाठवलं. तिला केमिस्ट्री हवी आहे आणि ती वेळ तिच्या गाण्याच्या तासाची आहे. मी तिला काय घे ते सांगितलं नाही. फक्त विचारलं, तुला पुढे काय करायचंय? ती वहीचा कोपरा दुमडायला लागली. मी म्हटलं, सांगायची घाई नाही.

सेन्या

•

एस्कनाबा
१९ एप्रिल १९८७

सेन्या,

पत्र जेवताना मिळालं. मी ते डेल्मरला दिलं, त्यानं मोठ्यानं वाचलं, कारण माझा चष्मा वर राहिला होता. चष्मा खिशात होता, पण ते जाऊ दे.

सगळे टेबलं बडवायला लागले. इंजिनखोलीतला एक जण बडवत नव्हता. त्याला मी बघून ठेवलंय, तुलाही दाखवीन. कॅप्टन म्हणाले, "कांगस, पाचसहा वर्षांनी ती सांगेल आणि तू व्हील वळवशील, चालेल?" मी म्हटलं, घरी वीस वर्षं तिच्या आईचं ऐकून वळवतोय, मला सवय आहे. सगळे हसले. मी बशा गोळा करायला लागलो. डेल्मरनं त्या माझ्या हातातून काढून घेतल्या.

आता नीट वाच. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही टू हार्बर्सला लोखंड भरायला लागतोय. चार वर्षांनी. भरायला बारा तास तरी जातील. कॅप्टननी तुला वर व्हीलहाऊसमध्ये यायला सांगितलंय, मेट सगळं दाखवणार आहे. आईलाही आण. ती आजवर धक्क्याच्या फाटकाच्या आत आलेली नाही. तिला म्हणावं, मी सांगितलंय.

बाजूची शिडी उभी असते आणि नेहमी ओली असते. मी खाली उभा असेन, पण धरणार नाही, कारण पुढे कोणी धरणार नाही. पकड असलेले बूट घाल. पर्स नको, केक नको, काहीही आणू नकोस. चढताना दोन्ही हात मोकळे हवेत.

बाबा